तलावातले शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे

तलावावर हिरवी साय धरली, पाण्याला वास येऊ लागला आणि एके सकाळी मेलेले मासे काठाला लागले, की ‘आता काहीतरी करा’ ही मागणी सुरू होते. तिला उत्तर म्हणून अलीकडे जगभर एक शब्द वारंवार पुढे येतो आहे, तो म्हणजे नॅनोबबल, अर्थात नॅनोबुडबुडे. निविदांमध्ये तो असतो, यंत्रे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत असतो आणि बातम्यांत तर असतोच. बातमीचा साचाही ठरलेला असतो: तराफ्यावर यंत्र बसवले, त्यातून अब्जावधी अतिसूक्ष्म बुडबुडे पाण्यात सोडले, आता रसायनाचा थेंबही न वापरता शेवाळ नाहीसे होणार. वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो की बुडबुड्याने शेवाळ मरते ते कसे?

खरे सांगायचे तर बहुतेक वेळा बुडबुड्याने शेवाळ मरत नाही. ते कमी झालेच, तर त्याचे कारण सहसा पाण्याच्या पृष्ठभागावर नसून तळाच्या गाळात असते. हे नीट समजून घेतले, तर या तंत्रज्ञानाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि कोणत्या दाव्यापाशी थबकावे, हे कोणालाही ठरवता येईल. त्यासाठी सुरुवात मात्र बुडबुड्यापासून न करता शेवाळापासून करावी लागते.

शेवाळ म्हणतो ते नेमके काय असते

तलावातली प्रत्येक हिरवी गोष्ट शेवाळ नसते. जलपर्णीसारख्या वनस्पतींना मुळे, देठ आणि पाने असतात. त्यांच्यावर बुडबुड्यांची मात्रा चालत नाही, त्या बाहेर काढाव्याच लागतात. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते शेवाळ म्हणजे पाण्यात तरंगणारे, उन्हावर जगणारे सूक्ष्म जीव. त्यातही रंगाचा डबा सांडल्यासारखी दिसणारी दाट साय बहुधा नील-हरित शैवालाची असते. नावात शैवाल असले तरी हे जीव प्रत्यक्षात जिवाणू आहेत, आणि त्यांचे शास्त्रीय नाव सायनोबॅक्टेरिया असे आहे. मायक्रोसिस्टिस ही त्यांतली सर्वांत कुप्रसिद्ध प्रजाती.

या जिवाणूंची एक गंमत आधीच सांगून ठेवतो, कारण ती आपल्या विषयाशी विलक्षण जुळते. त्यांच्या पेशीत प्रथिनांच्या भिंतींच्या, हवेने भरलेल्या असंख्य सूक्ष्म नळकांड्या असतात आणि त्यांची रुंदी साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपास असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या नळकांड्यांच्या जोरावर पेशी तरंगतात आणि उन्हाच्या दिशेने वर येऊन खालच्या सगळ्यांवर सावली धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन संशोधकांनी हे अगदी साध्या प्रयोगाने उघड केले होते: असे पाणी बाटलीत काठोकाठ भरायचे, बूच बसवायचे आणि बुचावर हातोडा मारायचा. दाबाच्या धक्क्याने नळकांड्या चेपतात आणि तरंगणारा थर तळाशी बसू लागतो. म्हणजे नॅनो आकाराच्या हवेच्या कप्प्यांचे तंत्र तलावात पहिल्यांदा वापरले ते शेवाळानेच.

साय दिसायला वाईट असते एवढ्यावर प्रश्न संपत नाही. मायक्रोसिस्टिसच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे, यकृताला घातक विष तयार करतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी खाली ठेवली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत ईरी सरोवरातल्या शेवाळामुळे टोलेडो शहर आणि परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले होते. ते विष पाणी उकळूनही जात नाही.

तळाची तिजोरी

शेवाळाला वाढण्यासाठी ऊन, कर्ब, नत्र आणि स्फुरद लागते. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. यांपैकी ऊन फुकट मिळते, कर्ब हवेतून मिळतो आणि काही नील-हरित शैवाले नत्रही हवेतूनच ओढून घेतात. स्फुरदाला मात्र हवेचा मार्ग नाही. ते सांडपाण्यातून, शेतातून वाहून आलेल्या खतांतून आणि मातीतून येते. गोड्या पाण्यात बहुधा तेच अपुरे असते, आणि म्हणून वाढीचा वेग बरेचदा तेच ठरवते.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डोळ्यांना दिसेल असे दाखवून दिले. ‘सरोवर क्रमांक २२६’ प्लास्टिकच्या पडद्याने दोन भागांत विभागले गेले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र टाकले, एका भागात त्यांच्या जोडीला स्फुरदही टाकले. स्फुरद मिळालेला भाग हिरवागार झाला, दुसरा जसाच्या तसा राहिला.

प्रमाणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक ग्रॅम स्फुरदाच्या बळावर वाळल्यावर सुमारे १०० ग्रॅम भरेल इतके शेवाळ वाढू शकते, आणि ते मेल्यावर पूर्ण कुजण्यासाठी सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. मेलेले शेवाळ तळाशी जाते, कुजताना तिथला ऑक्सिजन खाते, आणि तिथूनच पुढचा फेरा सुरू होतो.

उन्हाळ्यात खोल तलावाचे पाणी थरांत विभागले जाते. वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर झाकणासारखे बसते. झाकणाखालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वरून मेलेले शेवाळ पडत राहते, कुजणे चालू राहते, पण नवा ऑक्सिजन येत नाही. काही आठवड्यांत तळाचे पाणी अक्षरशः गुदमरते.

इथे लोहाची भूमिका सुरू होते. गाळातले लोह ऑक्सिजनच्या सान्निध्यात गंजलेल्या रूपात असते, आणि हा गंज स्फुरदाला घट्ट धरून ठेवतो. गाळाचा वरचा गंजलेला थर म्हणजे तिजोरीचे दारच समजा. ऑक्सिजन संपला की जिवाणू गंजातल्या लोहाचे रूप बदलतात, लोह विरघळते, दार उघडते आणि वर्षानुवर्षे साठलेले स्फुरद पाण्यात मोकळे होते. क्लिफर्ड मॉर्टिमर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या सरोवरांच्या अभ्यासातून १९४१-४२ मध्ये हे चित्र सविस्तर मांडले. सांडपाणी थांबवल्यानंतरही काही तलाव पुढची कित्येक वर्षे हिरवेच का राहतात, याचे उत्तर यात आहे. जुन्या ठेवीवर व्याज मिळत राहावे, तसे तळातून स्फुरद मिळत राहते.

तळाशी ऑक्सिजन टिकवला तर दार बंद राहील आणि शेवाळाचा शिधा तुटेल, हा नॅनोबुडबुड्यांमागचा सर्वांत भक्कम तर्क. बाकी सगळे दावे त्याच्या मानाने कच्चे आहेत.

बुडबुडा लहान झाला की काय बदलते

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१७ साली ठरवलेल्या व्याख्येनुसार १०० मायक्रोमीटरपेक्षा लहान बुडबुडे ‘सूक्ष्म’ आणि १ मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे १,००० नॅनोमीटरपेक्षा लहान बुडबुडे ‘अतिसूक्ष्म’. बाजारात ज्यांना नॅनोबुडबुडे म्हणतात ते या दुसऱ्या गटातले. त्यांचा व्यास सहसा १०० ते २०० नॅनोमीटरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते.

लहान होण्याचे दोन मोठे परिणाम आहेत. पहिला पृष्ठभागाचा. लाकडाचा ओंडका पेटायला वेळ लागतो, पण त्याच ओंडक्याचा भुसा केला तर तो भुर्रकन पेट घेतो, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढलेला असतो. एक मिलिमीटर व्यासाच्या एका बुडबुड्यातली हवा १०० नॅनोमीटरच्या बुडबुड्यांत वाटली, तर केवळ भूमितीच्या हिशेबाने एक लाख कोटी बुडबुडे होतात आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग १० हजार पटींनी वाढतो. वायू विरघळतो तो या पृष्ठभागातूनच.

दुसरा परिणाम वेगाचा. मत्स्यपेटीतल्या पंपाचे बुडबुडे सरसर वर येतात आणि फुटतात. वाटेत त्यांच्यातला ऑक्सिजन विरघळायला वेळच मिळत नाही, बराचसा हवेत परत जातो. बुडबुडा लहान होईल तसा वर येण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने घटतो. व्यास १०० मायक्रोमीटर असेल तर तो सेकंदाला सुमारे ५ मिलिमीटर चढतो. व्यास १०० नॅनोमीटर असेल तर दिवसाला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. एवढा संथ बुडबुडा वर जातो असे म्हणण्यातही अर्थ नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो इकडेतिकडे भरकटत राहतो आणि पाणी जाईल तिकडे जातो.

पण इतका लहान बुडबुडा टिकतो तरी कसा?

ही शंका भौतिकशास्त्रज्ञांचीच आहे आणि ती अगदी रास्त आहे. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरी पडद्यासारखा वागतो. फुगा जितका लहान तितका तो फुगवायला जड जातो, तसेच बुडबुड्याचे. १०० नॅनोमीटरच्या बुडबुड्यावर केवळ या पृष्ठताणामुळे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २८ पट जादा दाब पडायला हवा. इतक्या दाबाखालचा वायू झटकन पाण्यात विरघळून जायला पाहिजे. पॉल एप्स्टाइन आणि मिल्टन प्लेसेट यांनी १९५० साली मांडलेल्या गणितानुसार अशा बुडबुड्याचे आयुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. प्रत्यक्षात मात्र नॅनोबुडबुड्यांचे पाणी म्हणून तयार केलेल्या नमुन्यांत काही दिवस, काही आठवडेही सूक्ष्म कण दिसत राहतात.

यावर एक खुलासा असा दिला जातो की बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येऊन मोठे होत नाहीत आणि तो भार पृष्ठताणालाही काहीसा विरोध करतो. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचे पातळ कवच त्यांना सांभाळते, असेही म्हटले जाते. दुसरीकडे काही संशोधकांचा आक्षेप आहे की जे मोजले जाते ते बुडबुडेच असतील असे नाही. नेहमीच्या पद्धतीत पाण्यावर लेसर टाकून चमकणाऱ्या ठिपक्यांची थरथर मोजतात आणि त्यावरून आकार काढतात. ठिपका वायूचा आहे, तेलाच्या थेंबाचा आहे की घन कणाचा, हे त्या थरथरीवरून कळत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही, हे लक्षात ठेवून माहितीपत्रकातला ‘एका मिलिलिटरमध्ये इतके कोटी बुडबुडे’ हा आकडा वाचावा.

सुदैवाने तलावाचे भवितव्य या वादाच्या निकालावर फारसे अवलंबून नाही. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

बुडबुड्यांत ऑक्सिजन मावतो तरी किती?

समजा बुडबुडे खरोखर टिकतात. एका मिलिलिटर पाण्यात १०० नॅनोमीटर व्यासाचे १० कोटी बुडबुडे आहेत, सगळे शुद्ध ऑक्सिजनने भरलेले आहेत आणि आतला दाब ३० वातावरणांइतका आहे, असे अगदी उदार हाताने धरू. तरीही एका लिटर पाण्यातल्या सगळ्या बुडबुड्यांत मिळून सुमारे ०.००२ मिलिग्रॅम ऑक्सिजन भरतो. उलट २५ अंश सेल्सिअसला हवेच्या संपर्कातले साधे पाणी लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळवून ठेवते. म्हणजे बुडबुड्यांत साठलेला ऑक्सिजन विरघळलेल्या ऑक्सिजनच्या चार हजाराव्या भागाइतका.

मला या विषयातला हा सर्वांत उपयोगी आकडा वाटतो. ‘बुडबुडे तळाशी ऑक्सिजनची साठवण करून ठेवतात आणि लागेल तसा सोडतात’ हे वाक्य कानाला गोड लागते, पण हिशेबात बसत नाही. यंत्राचा खरा फायदा वायू पाण्यात विरघळवण्याच्या कार्यक्षमतेत आहे. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला तर त्याच तापमानाला पाणी लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरू शकते, आणि अतिसूक्ष्म बुडबुडे तयार करणारी चांगली यंत्रे दिलेल्या वायूचा मोठा हिस्सा वाया न घालवता विरघळवतात. नॅनोबुडबुडा इथे हमालासारखा आहे. माल पोचवून तो नाहीसा झाला तरी बिघडत नाही. त्यामुळे आठवड्यानंतर किती बुडबुडे उरले, याची चौकशी करण्यापेक्षा दिवसाला किती किलो ऑक्सिजन विरघळला, ही चौकशी जास्त मोलाची आहे.

मग साधे कारंजे पुरणार नाही का?

उथळ, लहान तळ्यात बरेचदा पुरते. कारंजे पाणी हवेत उडवते आणि वरच्या थरात ऑक्सिजन मिसळते. पण खोल, थर पडलेल्या तलावात अडचण वरच्या थराची नसते. शेवाळाने भरलेल्या तलावात दुपारच्या उन्हात वरच्या पाण्यात ऑक्सिजन नेहमीपेक्षाही जास्त असतो, कारण शेवाळ स्वतःच तो तयार करत असते. रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते, आणि पहाटे पातळी सर्वांत खाली जाते. मासे सकाळी मेलेले दिसतात ते त्यामुळे.

तळाशी नळी टाकून मोठे बुडबुडे सोडण्याचाही जुना उपाय आहे. ते वर येताना खालचे पाणी सोबत ओढतात आणि थर मोडून सगळे पाणी ढवळतात. काही ठिकाणी हे हवेच असते, कारण ढवळलेल्या पाण्यात तरंगणाऱ्या नील-हरित शैवालाचा वर राहण्याचा फायदा नाहीसा होतो. मात्र यंत्र कमी ताकदीचे असेल, तर तळाशी साठलेले स्फुरद उन्हात आणून द्यायचे आणि पाणी पुरेसे ढवळायचेही नाही, असे दुहेरी नुकसान होते. थर न मोडता केवळ तळाला ऑक्सिजन द्यायचा, तर बुडबुडे वर न जाणारे हवेत किंवा ते वर जाण्याआधी पूर्ण विरघळणारे हवेत. नॅनोबुडबुड्यांचे यंत्र इथे शोभून दिसते. ते एकमेव आहे असे मात्र नाही. तळाचे पाणी बंद शंकूत फिरवून त्यात शुद्ध ऑक्सिजन विरघळवणारी आणि परत तळाशी सोडणारी यंत्रे अनेक दशके वापरात आहेत. नॅनोबुडबुड्यांची तुलना कारंज्याशी करून जिंकणे सोपे आहे. खरी तुलना या यंत्रांशी व्हायला हवी, आणि ती माहितीपत्रकांत सहसा दिसत नाही.

बुडबुडे शेवाळाला थेट मारतात, हे खरे का?

असे सांगितले जाते की नॅनोबुडबुडा फुटताना हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत आक्रमक कण तयार होतो आणि तो शेवाळाची पेशी फोडतो. काही प्रयोगशाळांत, विशिष्ट परिस्थितीत, अशा कणांच्या खुणा आढळल्याचे प्रसिद्ध झाले आहे. त्यांचा अर्थ काय लावायचा, यावर मतभेद आहेत. पण खूण सापडणे वेगळे आणि तलाव साफ होणे वेगळे. हायड्रॉक्सिल इतका उतावीळ असतो की तलावाच्या पाण्यातल्या पहिल्या भेटलेल्या सेंद्रिय रेणूशी अभिक्रिया करून तो संपतो. एका पेशीच्या रुंदीइतके अंतरही तो पार करू शकत नाही. कुजके पदार्थ भरलेल्या पाण्यात त्याने शेवाळाची पेशी शोधून मारावी, ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

बुडबुडे शेवाळाला चिकटून त्याला वर आणतात, हाही एक दावा. शेवाळाच्या पेशींवर ऋण भार असतो आणि बुडबुड्यांवरही ऋणच. दोघे एकमेकांना ढकलतात. जलशुद्धीकरण केंद्रांत बुडबुड्यांनी शेवाळ वर आणून खरवडतात हे खरे, परंतु तिथे आधी तुरटीसारखे पदार्थ घालून भार घालवला जातो आणि बुडबुडे नॅनो नव्हे तर शेकडो पट मोठे, साधारण १० ते १०० मायक्रोमीटरचे असतात, कारण उचलायला ताकद लागते.

ओझोन वायूचे नॅनोबुडबुडे ही गोष्ट मात्र निराळी. ओझोन शेवाळ खरोखर मारतो. पण तिथे मारतो तो ओझोन, बुडबुडा नव्हे, आणि मग ‘रसायनविरहित’ हे विशेषण काढून टाकावे लागते. शिवाय पेशी फुटली की आतले विष पाण्यात मोकळे होते. पुरेसा ओझोन असेल तर तो हे विषही मोडतो. अपुरा असेल तर विषारी साय जाऊन विषारी पाणी उरते. ओझोन शेवाळ कोणते आणि माशाचे पिल्लू कोणते, असा भेद करत नाही. पाण्यात ब्रोमाइड असेल तर त्यापासून ब्रोमेट हा आरोग्याला अपायकारक पदार्थही तयार होऊ शकतो. बंदिस्त टाकीत हे सगळे मोजून-मापून करता येते, उघड्या तलावात ते फार अवघड जाते.

ऑक्सिजन पोचला, तर स्फुरद थांबेलच का?

सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो नॅनोबुडबुड्यांच्या कितीतरी आधीचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाल्डेग आणि सेम्पाख या सरोवरांत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तळाशी ऑक्सिजन देण्याची आणि हिवाळ्यात पाणी ढवळण्याची मोठी योजना राबवली गेली. ऑक्सिजन वाढला. मात्र दहा वर्षांच्या नोंदी तपासल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निष्कर्ष काढला की तळातून येणाऱ्या स्फुरदावर या योजनेचा परिणाम झालेला नाही. सरोवरे सुधारली, पण त्याचे श्रेय बाहेरून येणारे स्फुरद कमी झाल्याला होते.

असे का व्हावे? तिजोरीच्या उपमेकडे परत जाऊ. दार लोहाचे आहे. लोहच अपुरे असेल तर ऑक्सिजन आणून काय बंद करणार? गाळात गंधकाची संयुगे भरपूर असतील तर ती लोहाला आधीच अडकवून ठेवतात, आणि स्फुरद धरायला लोह उरत नाही. शिवाय ऑक्सिजन गाळात जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. वरून ताजे मेलेले शेवाळ पडतच असेल, तर त्यातले स्फुरद खाली गाडले न जाता त्या वरच्या थरातूनच परत पाण्यात जाते. उथळ तलावात आणखी एक वाट असते: दाट शेवाळ पाण्यातला कर्ब वायू ओढून घेते, पाणी अल्कधर्मी होते, आणि अशा पाण्यात ऑक्सिजन असूनही लोहाची स्फुरदावरची पकड ढिली पडते.

याचा अर्थ तळाला ऑक्सिजन देणे निरुपयोगी आहे असा नाही. मासे जगतात, दुर्गंधी देणारा हायड्रोजन सल्फाइड घटतो, तळाचे जीव परततात, आणि लोह पुरेसे असेल तिथे स्फुरदही आटोक्यात येते. मात्र ‘ऑक्सिजन दिला की शेवाळ गेले’ हे समीकरण प्रत्येक तलावाला लागू पडत नाही. म्हणूनच चीनमधल्या काही संशोधकांनी ऑक्सिजनचे नॅनोबुडबुडे झिओलाइटसारख्या खनिजाच्या सच्छिद्र कणांत भरून ते कण गाळावर पसरवण्याचे प्रयोग केले आहेत. त्यात खनिजाचा थर गाळावर पांघरुणासारखा बसतो आणि ऑक्सिजन नेमका हवा तिथे पोचतो.

आणि बाहेरून येणारे स्फुरद?

ते तसेच येऊ देऊन तळावर उपाय करणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे, एवढेच म्हणून हा प्रश्न संपवता आला असता. पण इथे एक चांगले उदाहरण आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहराशेजारच्या लेक वॉशिंग्टन या सरोवरात वर्षानुवर्षे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडले जात होते आणि पाणी नील-हरित शैवालाने गढूळ झाले होते. १९६३ ते १९६८ या काळात ते सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवले, आणि काही वर्षांत सरोवर नितळ झाले. तिथे एकही बुडबुडा सोडावा लागला नाही. सरोवर खोल होते, प्रदूषणाचा इतिहास तुलनेने लहान होता आणि तळाची तिजोरी फार भरलेली नव्हती, म्हणून ते इतके चटकन सुधारले. ज्या तलावांची तिजोरी दशकानुदशके भरत आली आहे, तिथे सांडपाणी थांबवूनही तळ त्रास देत राहतो. तळावर काम करणाऱ्या तंत्रज्ञानाची खरी जागा तिथे आहे. आधी नळ, मग फरशी, हा क्रम उलटवला तर यंत्र कायमचे चालवत बसावे लागते. नगरपालिकांना मात्र यंत्राचे उद्घाटन करता येते, गटाराचा प्रवाह वळवण्याचे तसे उद्घाटन होत नाही, म्हणून हा क्रम उलटण्याचा मोह मोठा असतो.

यंत्र बसवण्याआधीचा हिशेब

एक काल्पनिक तलाव घेऊ: क्षेत्रफळ १० हेक्टर, सरासरी खोली ३ मीटर. पाणी झाले ३० कोटी लिटर. या सगळ्या पाण्यातला ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढवायचा, तर दीड टन ऑक्सिजन लागतो, तोही एकदाच. पण गाळ दररोज खातो त्याचे काय? पोषकद्रव्यांनी भरलेल्या तलावाचा गाळ दिवसाला चौरस मीटरमागे १ ग्रॅम ऑक्सिजन खातो असे धरले, तर १ लाख चौरस मीटर तळाला रोज १०० किलो लागेल. यंत्रातून जाणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्यात २० मिलिग्रॅम जादा ऑक्सिजन विरघळत असेल, तर हे १०० किलो पोचवण्यासाठी दिवसाला ५० लाख लिटर पाणी, म्हणजे सेकंदाला सुमारे ५८ लिटर, यंत्रातून अखंड फिरवावे लागेल. तलावाच्या कोपऱ्यात बसवलेले एक छोटे यंत्र सेकंदाला २-३ लिटर फिरवत असेल, तर त्याच्या बुडबुड्यांचा आकार कितीही लहान असला तरी ते गाळाची भूक भागवू शकणार नाही.

हा हिशेब करायला तज्ज्ञ लागत नाही, पण त्यासाठी लागणारी मोजमापे आधीपासून घेतलेली असावी लागतात. विरघळलेला ऑक्सिजन पृष्ठभागावर दुपारी मोजणे जवळजवळ निरर्थक आहे. तो तळापासून एका हाताच्या अंतरावर आणि पहाटे मोजायला हवा. स्फुरद वरच्या पाण्यात आणि तळाच्या पाण्यात वेगवेगळे मोजावे, म्हणजे तिजोरी उघडते आहे की नाही हे कळते. गाळात लोह आणि गंधक किती, हे एकदा तपासावे. आत येणाऱ्या ओढ्या-नाल्यांतून वर्षाला किती स्फुरद येते, याचा अंदाज हवा. आणि या सगळ्या नोंदी यंत्र सुरू होण्याआधीच्या किमान एका पूर्ण वर्षाच्या हव्यात, कारण शेवाळ ऋतूनुसार आपणहून येते आणि आपणहून जाते. साय दाट असताना यंत्र बसवले आणि दोन महिन्यांनी पाणी निवळले, तर ते यंत्राने निवळले की पावसाने आणि थंडीने, हे नोंदी नसतील तर कोणालाच सांगता येणार नाही. शक्य असेल तिथे शिंडलर यांनी केले तसे तलावाचा एखादा कोपरा पडद्याने वेगळा करून तिथे यंत्राविना पाणी ठेवावे. दोन्हीकडचे पाणी एकाच दिवशी, एकाच वेळी मोजले, तर यंत्राने काय केले आणि ऋतूने काय केले, हे वेगवेगळे दिसू लागते.